ली कॅलहून यांची सफरचंदं : एका रोपवाटिकेचा प्रकरण अभ्यास

क्रेटन ली कॅलहून हे अमेरिकी सैन्यातून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. शिक्षण शेतीशास्त्राचं, नोकरी लष्करातली. निवृत्तीनंतर त्यांनी पत्नी ईडिथसह नॉर्थ कॅरोलायना राज्यात, चॅटम काउंटीतल्या पिट्सबरो गावाजवळ घर केलं. रॅले आणि केरी या शहरांत आज बरीच मराठी कुटुंबं राहतात; पिट्सबरो तिथून मोटारीने तासाभराच्या आत आहे. तिथे एका वयस्कर शेजाऱ्याने कॅलहून यांना मॅग्नम बोनम नावाच्या सफरचंदाबद्दल सांगितलं. लहानपणी खाल्लेलं, आणि त्याच्या मते त्याला तोड नाही. कॅलहून यांनी हे नाव कधी ऐकलंही नव्हतं. ही गोष्ट १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची. तेव्हाच्या मोठ्या रोपवाटिकांच्या यादीत असली नावं नव्हती.

त्या एका नावाच्या मागे लागून या दांपत्याने पुढे शेकडो वाण शोधले, त्यांची कलमं बांधली, विकली आणि त्यांचा इतिहास लिहून काढला. कॅलहून आज हयात नाहीत. आपली रोपवाटिका त्यांनी स्वतःच्या हयातीतच बंद केली होती. तरीही त्यांनी वाचवलेली झाडं आज अनेक राज्यांतल्या परसांत फळं देताहेत. या प्रकरणात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की संग्राहक गेल्यावरही संग्रह टिकला. बहुतेक वेळा तसं होत नाही. जमवणारा थकतो, जागा विकली जाते, पुढच्या मालकाला झाडांची नावं ठाऊक नसतात आणि दहा वर्षांत बाग मोडते. कॅलहून यांच्या बाबतीत ते टळलं, कारण त्यांनी काही निर्णय वेळेवर आणि जाणूनबुजून घेतले.

दक्षिणेतलं सफरचंद

अमेरिकेचा दक्षिण भाग म्हटला की कापूस, तंबाखू, शेंगदाणा आणि पीच आठवतात. सफरचंद थंड मुलखातलं, हा समज तिथेही आहे. प्रत्यक्षात व्हर्जिनियापासून जॉर्जिया, अलाबामापर्यंत शेतकऱ्याच्या घरामागे सफरचंदाची बाग असणं ही एके काळी सर्वसाधारण गोष्ट होती.

उत्तरेकडचे नावाजलेले वाण दक्षिणेत नीट चालत नसत. न्यू इंग्लंडमध्ये बाल्डविन हे हिवाळ्यासाठी साठवायचं सफरचंद. तेच दक्षिणेत लावलं तर लांबलेल्या उन्हाळ्यामुळे थंडी पडण्याआधीच पिकून गळतं, आणि साठवायला काही उरत नाही. त्यामुळे दक्षिणेला स्वतःचे वाण हवे होते. ते मिळाले बियांतून.

सफरचंदाची बी लावली तर आईसारखं झाड येत नाही. आपल्याकडे हापूसचं कलम आणि कोयीपासून उगवलेला रायवळ यांत जो फरक, तोच इथे. प्रत्येक रायवळ वेगळा: कुणी आंबट, कुणी धाग्यांचा, आणि शंभरांत एखादा असा की गाव त्याला नाव देतं. दक्षिणेतल्या शेतकऱ्यांनी बियांपासून बागा वाढवल्या, कारण कलमं महाग आणि बी फुकट. त्यातली बरीचशी फळं साइडरसाठी, म्हणजे सफरचंदाच्या रसाच्या सौम्य दारूसाठी, दाबली जात किंवा डुकरांना घातली जात. एखादं झाड मात्र वेगळं निघे. शेजारी त्याच्या काड्या मागून नेत, आपल्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या दुसऱ्या रोपावर, बांधत, आणि त्या झाडाला नाव पडे. मॅग्नम बोनम असंच नॉर्थ कॅरोलायनातल्या डेव्हिडसन काउंटीत १८२८ साली बीपासून आलेलं. त्याची आई हॉल नावाचं अगदी लहान फळाचं झाड.

या निवडीत गोऱ्या शेतकऱ्यांबरोबर इतरांचाही हात होता, आणि तो नोंदवलाच पाहिजे. पश्चिम नॉर्थ कॅरोलायना आणि उत्तर जॉर्जियाच्या डोंगरांत चेरोकी या मूळ रहिवाशांच्या सफरचंदाच्या बागा होत्या. १८३८ साली त्यांना सक्तीने पश्चिमेला हाकलण्यात आलं. झाडं मागे राहिली. सायलस मॅकडॉवेल यांनी मेकन काउंटीत आणि जार्विस व्हॅन ब्युरन यांनी जॉर्जियातल्या क्लार्क्सव्हिलमध्ये एकोणिसाव्या शतकात डोंगरातले देशी वाण गोळा केले, त्यांत चेरोकी बागांतली झाडंही होती. जुनालस्का या वाणाला चेरोकी नेत्याचं नाव आहे. हे झाड इतकं लाडकं होतं की जमीन विकताना त्याने झाडाची वेगळी किंमत घेतली, असं सांगतात. मोठ्या मळ्यांवरच्या बागा गुलामगिरीत ठेवलेल्या माणसांनी राखल्या, त्यांची नावं मात्र कॅटलॉगांत सापडत नाहीत.

१८५० नंतर रोपवाटिकांचा धंदा वाढला. विक्रेते घोडागाडीतून गावोगाव फिरत. सोबत रंगीत छापील चित्रांचं जाडजूड पुस्तक असे. शेतकऱ्याची बायको चित्रं बघून झाडं निवडी आणि हिवाळ्यात रोपं येत. ऑगस्टा इथली बर्कमन्स कुटुंबाची फ्रूटलँड ही दक्षिणेतली नावाजलेली रोपवाटिका. आज तिच्या जागी ऑगस्टा नॅशनल गोल्फ क्लब आहे.

बारा महिन्यांची बाग

या वाणांचं महत्त्व समजायचं तर शीतपेट्या नसलेल्या घराचा विचार करावा लागतो. त्या घराला एक उत्तम सफरचंद नको होतं, वर्षभराची साखळी हवी होती. रेड जून आणि यलो जून नावाप्रमाणे जूनमध्ये पिकत. ती मऊ, आंबूस आणि दोन दिवसांत नासणारी, पण कित्येक महिन्यांनी मिळणारं पहिलं ताजं फळ. मग भर उन्हाळ्यात हॉर्स. मोठं, पिवळं, कच्चं असताना तोंड आंबवणारं. ते खायला कुणी लावत नसे. त्याच्या फोडी करून पत्र्याच्या छपरावर वाळवत, शिजवत, सिरका करत. सप्टेंबरमध्ये मॅग्नम बोनम आणि बकिंगहॅमसारखी खायची फळं. शेवटी साठवणीची: लिंबरट्विगचे अनेक प्रकार, शॉक्ली, टेरी विंटर आणि जॉर्जियातलं यट्स.

यट्सचं फळ लहान. आजच्या दुकानात कुणी त्याकडे वळून पाहणार नाही. पण थंडी पडल्यावर झाडाखाली पेंढ्यात किंवा जमिनीतल्या खड्ड्यात घातलं की ते वसंतापर्यंत टिके. लिंबरट्विग झाडावरून उतरवताना कडक आणि बेचव लागतं. त्याची चव तळघरात महिनाभर राहिल्यावर खुलते. ज्याला हे ठाऊक नाही तो ऑक्टोबरमध्ये एक चावा घेऊन झाड तोडेल.

मॅटमस्कीट नावाच्या सफरचंदाबद्दल किनाऱ्याकडच्या मुलखात दंतकथा आहे, की तिथल्या मूळ रहिवाशांना त्याची बी रानहंसाच्या पोटात सापडली. कॅलहून यांना अशा गोष्टींचं अप्रूप होतं. त्यांनी त्या गाळल्या नाहीत, आणि इतिहास म्हणून खपवल्याही नाहीत.

वाण कसे गेले

एका कारणाने गेले नाहीत. रेल्वे आली, शीतगृहं आली, आणि सफरचंद हे विकत आणायचं फळ झालं. व्यापारी बागायतदाराला पाच-सहा वाण पुरतात: लाल दिसणारे, एकदम पिकणारे, हजार मैल प्रवास सोसणारे. बेन डेव्हिस हा असाच, चवीला सुमार पण वाहतुकीला दणकट. त्यातच सॅन होजे खवले कीड आणि इतर रोगकिडींनी जोर धरला. फवारणीशिवाय फळ येईना, आणि परसातल्या दहा झाडांसाठी फवारणीचा खटाटोप कोण करणार? दारूबंदीने साइडरची मागणी गेली. माणसं शहरांत आणि कापडगिरण्यांत गेली. रोपवाटिकांनी यादीतली नावं कमी करत आणली.

मग आलं डेलिशियस. आयोवात जेसी हायट यांच्या शेतातलं हे झाड स्टार्क ब्रदर्स या मिसूरीच्या रोपवाटिकेने १८९० च्या दशकात विकत घेतलं आणि जगभर नेलं. आपल्याशी याचा थेट संबंध आहे. हिमाचलात स्थायिक झालेले अमेरिकी गृहस्थ सॅम्युअल स्टोक्स यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शिमल्याजवळच्या कोटगढला हीच अमेरिकी डेलिशियस झाडं आणून लावली. पुण्या-मुंबईच्या बाजारात आपण लहानपणापासून जे खातो आणि ज्याला फक्त ‘सफरचंद’ म्हणतो, ते बहुतांशी या घराण्याचं. चॅटम काउंटीच्या परसांतून मॅग्नम बोनमची सद्दी ज्या लाटेत संपली, त्याच लाटेवर स्वार होऊन आपलं हिमाचली सफरचंद आलं.

१९८० पर्यंत जुने वाण उरले होते ते पडक्या घरांमागे, कुरणांच्या कडेला आणि म्हाताऱ्यांच्या आठवणीत. सफरचंदाचं झाड शंभर वर्षं जगू शकतं, म्हणून अजून वेळ होता, पण थोडाच. झाड आणि त्याचं नाव जाणणारा माणूस हे दोन्ही एकदमच संपत आलेले.

राहीबाई पोपेरे यांनी अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात गावरान बियाण्यांची बँक उभी केली, ती आपल्याला माहीत आहे. वालाचं किंवा भाताचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवता येतं, पुढच्या पावसात पेरून ताजं करता येतं. सफरचंदाच्या वाणाला ही सोय नाही. त्याची बी ठेवून काही उपयोग नाही. वाण जगतो तो फक्त जिवंत लाकडात. कुठेतरी, कुणाच्या तरी जमिनीत, एक झाड उभं असलं पाहिजे. कॅलहून यांचं सगळं काम या एका अटीभोवती आखलेलं दिसतं.

शोधण्याची पद्धत

काम दोन टोकांनी चालू होतं. एक टोक माणसांचं. ग्रामीण भागातल्या वाचकांपर्यंत पोहोचायचं, पत्रं मागवायची, पत्र आलं की गाडी काढून जायचं, ओसरीवर बसून विचारायचं: हे झाड कुणी लावलं, काय म्हणत याला, आई याचं काय करायची? दुसरं टोक कागदाचं. मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथे राष्ट्रीय कृषी ग्रंथालय आहे. तिथे जुन्या दक्षिणी रोपवाटिकांचे कॅटलॉग आहेत, आणि कृषी खात्याने १८८६ पासून चित्रकारांकडून काढून घेतलेली फळांची साडेसात हजारांवर जलरंगातली चित्रं. जवळपास निम्मी सफरचंदांची आहेत. डेबोरा पासमोर, अमांडा न्यूटन, रॉयल स्टेडमन यांच्यासारख्या चित्रकारांनी फळ बाहेरून आणि मधोमध कापून, अगदी किडीच्या डागासकट रंगवलं आहे. रंगीत छायाचित्रण नसताना खात्याने केलेली ही नोंद शंभर वर्षांनी ओळखपरेडीला उपयोगी पडली.

ओळख पटवणं हाच सगळ्यात कठीण भाग. एकाच वाणाला गावागणिक वेगळं नाव. निकाजॅक या वाणाची चाळीसच्या वर पर्यायी नावं नोंदलेली आहेत. उलट, घरमालकाला खरं नाव आठवलं नाही की कुठल्याही गडद लाल फळाला तो वाइनसॅप म्हणून मोकळा होतो. म्हणून फळ उभं कापून पाहायचं. देठाकडचा खळगा खोल की उथळ, त्यात तपकिरी खरबरीतपणा पसरलाय का. खालच्या बाजूची फुलाची सुकलेली निदलं (पाकळ्यांखालची हिरवी पानं) मिटलेली की उघडी. गाभ्याची रेषा कुठून सुटते, बिया किती टोकदार. सालीवरचे ठिपके मोठे की बारीक. मग जुन्या वर्णनाशी ताडून पाहायचं. एवढं करूनही खात्री नसेल तर कलम बांधून ते फळेपर्यंत थांबायचं, म्हणजे तीन-चार वर्षं. हा धीर मला या कामातला सगळ्यात मोठा गुण वाटतो. नवं नाव सापडलं असं जाहीर करण्याचा मोह संग्राहकाला फार असतो.

काडी आणि खुंट

एक झाड वाचतं म्हणजे नेमकं काय होतं, ते जवळून पाहू.

जानेवारी-फेब्रुवारीत झाड झोपेत असताना गेल्या हंगामात फुटलेली पेन्सिलच्या जाडीची काडी कापायची. तरण्या झाडावर अशा काड्या भरपूर मिळतात. पण शोधाचं झाड बहुधा पोकळ खोडाचं, अर्धं वाळलेलं असतं. त्यावर वर्षाला चार बोटंही वाढ होत नाही. काड्या बारीक, डोळे जवळजवळ, काही मेलेले. अशा वेळी मिळेल ती काडी घ्यायची, आणि जमलं तर एखादी फांदी छाटून ठेवायची, म्हणजे उन्हाळ्यात तिथून जोमदार फूट येईल आणि पुढच्या हिवाळ्यात परत येता येईल. पुढचा हिवाळा झाड पाहील याची खात्री मात्र नसते.

काड्या ओल्या कागदात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायच्या. त्या फ्रिजमध्ये खायची सफरचंदं ठेवायची नाहीत, कारण पिकणाऱ्या फळातून निघणारा इथिलीन वायू काडीवरचे डोळे खराब करतो. मार्चमध्ये खुंट बाहेर काढायचे. खुंटाला दीड इंचाचा तिरका काप, काडीलाही तसाच. दोन्ही कापांत मधोमध उभी चीर द्यायची, म्हणजे जिभेसारखी पट्टी सुटते. मग जीभ जिभेत अडकवायची. सालीखाली हिरवट, ओलसर असा अगदी पातळ थर असतो, वाढीचा सगळा कारभार त्याच्याकडे. काडीचा थर आणि खुंटाचा थर निदान एका बाजूने एकमेकांना भिडले पाहिजेत. काडी बारीक असेल तर मधोमध बसवायची नाही, एका कडेला सरकवायची. पट्टी घट्ट गुंडाळायची, वरचं टोक मेणाने बंद करायचं. सुरी बोथट असेल तर काप लाटेसारखा येतो, मधे हवा राहते आणि जोड सुकतो. कोकणात आंब्याची कलमं बांधणाऱ्याला यातलं काहीही नवीन वाटणार नाही.

खुंटाची निवड फार कामाची. इंग्लंडमध्ये ईस्ट मॉलिंग आणि मर्टन इथे तयार झालेले ठेंगणे आणि मध्यम उंचीचे खुंट आता सगळीकडे वापरतात. दक्षिणेतली लाल चिकणमाती आणि कोरडा उन्हाळा सोसायला त्यांतला एमएम १११ हा खुंट बरा. लोकरी मावा ही कीडही त्याला फारशी लागत नाही. बीच्या खुंटावरचं झाड फळायला आठ-दहा वर्षं घेतं, यावर त्याच्या निम्म्या वेळात फळ दिसतं. वाण ओळखायचा असेल किंवा साठीतल्या गिऱ्हाइकाला झाड विकायचं असेल, तर या फरकाला फार किंमत आहे.

कळीचे निर्णय

इथवर केलेलं काम इतर संग्राहकांनीही केलं आहे. पुढचं वेगळं आहे.

कॅलहून यांनी झाडं विकली. ऐकायला साधं वाटतं, पण संग्राहकाच्या स्वभावाला ते धरून नसतं. दुर्मीळ वस्तू आपल्याकडेच असावी हीच त्याची प्रेरणा. कॅलहून दांपत्याने रोपवाटिका काढली आणि मागेल त्याला कलम बांधून दिलं. विकलेलं प्रत्येक कलम म्हणजे दुसऱ्या जमिनीत, दुसऱ्या हवामानात ठेवलेली एक प्रत. त्यांच्या बागेत रोग शिरला, वीज पडली, तरी वाण संपणार नव्हता. शिवाय गिऱ्हाईक पैसे मोजतं तेव्हा झाडाला पाणी घालतं. फुकट वाटलेल्या रोपांचं काय होतं ते आपल्याकडच्या वृक्षारोपणांत दर पावसाळ्यात दिसतं.

दुसरं, त्यांनी लिहिलं. ‘ओल्ड सदर्न अ‍ॅपल्स’ हा त्यांचा ग्रंथ १९९५ साली आला, पुढे त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. तीत दक्षिणेत जन्मलेल्या किंवा तिथे पूर्वी मोठ्या प्रमाणावर लावल्या गेलेल्या सुमारे १,८०० वाणांची नोंद आहे, कृषी खात्याच्या त्या जलरंगातल्या चित्रांसह. माझ्या मते या ग्रंथातला सगळ्यात उपयुक्त भाग म्हणजे नामशेष वाणांचा. उपलब्ध वाण एका भागात, आणि जे सापडले नाहीत ते दुसऱ्या भागात, जुन्या वर्णनांसह. हा दुसरा भाग मोठा आहे. त्यामुळे न सापडलेल्यांची यादी सगळ्यांच्या हातात पडली, आणि ज्याला शोधायचं त्याला काय शोधायचं ते कळलं.

आणि तसं झालंही. क्लेमन्स गावचे टॉम ब्राउन, निवृत्त रासायनिक अभियंता, १९९० च्या दशकाच्या अखेरीस या शोधात उतरले. गावजत्रांत जुन्या सफरचंदांची फळं मांडून बसायचं आणि येणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारायचं, ही त्यांची रीत. त्यांनी हजारावर वाण शोधून काढले. जुनालस्का त्यांनाच मिळालं, आणि मॅग्नम बोनमची आई, ते छोटं हॉलसुद्धा. नामशेषांच्या यादीतली नावं अशी एकेक करून खोडली जाऊ लागली. आपण लिहिलेली यादी चुकीची ठरावी यात आनंद मानणारे लेखक कमी असतात. या पुस्तकाचं यश मात्र त्यातच होतं.

तिसरा निर्णय बाग सोडण्याचा. नॉर्थ कॅरोलायनात पिनॅकल गावाजवळ हॉर्न क्रीक हे राज्य सरकारचं ऐतिहासिक शेत आहे. १९०० च्या सुमारास हाउझर कुटुंब कसं राहत होतं ते तिथे दाखवतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे दक्षिणी वारशाच्या सफरचंदांची बाग उभी राहू लागली, आणि कॅलहून यांच्या संग्रहातले वाण तिकडे गेले. सुमारे चारशे वाण, प्रत्येकाची दोन झाडं. संस्था निवडताना त्यांनी विद्यापीठाऐवजी शेत निवडलं हे मला फार शहाणपणाचं वाटतं. संशोधन केंद्रातली बाग प्रकल्प संपला की उपटली जाण्याची भीती असते. इथे लोक येतात, कलमं बांधायला शिकतात, शरद ऋतूत मक्याची कणसं सोलण्याच्या जत्रेला आलेल्या पोरांना सफरचंदाच्या फोडी हातात मिळतात.

थकल्यावर त्यांनी रोपवाटिका बंद केली, पण त्याआधी धंद्याची घडी दुसऱ्यांच्या हाती बसली होती. रीड्सव्हिलजवळच्या सेंच्युरी फार्म ऑर्चर्ड्सचे डेव्हिड व्हर्नन कॅलहून यांच्याकडूनच शिकले आणि आज ते हेच वाण विकतात. ॲश काउंटीतली बिग हॉर्स क्रीक ही रोपवाटिकाही या कामात आहे. वारसदार नेमण्यापेक्षा स्पर्धक तयार करणं हा बहुधा अधिक खात्रीचा मार्ग.

जे सुटलेलं नाही

कौतुकाच्या भरात काही गोष्टी झाकल्या जाऊ नयेत.

एका वाणाची दोन झाडं हा फार पातळ आधार आहे. दक्षिणेतल्या उष्ण, दमट वसंतात फायर ब्लाइट हा जिवाणूजन्य रोग फुलांतून शिरतो आणि काही आठवड्यांत फांद्या जळाल्यासारख्या काळ्या पडतात. ठेंगण्या खुंटावरचं झाड जुन्या उंच झाडाइतकं जगतही नाही. वीस-तीस वर्षांनी सगळी बाग पुन्हा कलम करावी लागणार, आणि त्या वर्षी त्या जागी हात बसलेली माणसं असावी लागणार. न्यू यॉर्क राज्यात जिनीव्हा इथे सफरचंदांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तो मोठा आणि नीट ठेवलेला. पण उत्तरेच्या त्या थंडीत यट्स किंवा मॅटमस्कीट कसं पिकतं यावरून जॉर्जियातल्या शेतकऱ्याला काहीच कळत नाही.

दुसरी अडचण खाणाऱ्याची. वाण परत आला, वापर परत आला नाही. आजचं गिऱ्हाईक हॉर्सचं झाड नेतं, पहिलं फळ चाखतं आणि तक्रार करतं. त्याच्या घरी पत्र्यावर फोडी वाळत नाहीत, तांब्याच्या मोठ्या कढईत दिवसभर ॲपल बटर (सफरचंद आटवून केलेला घट्ट गर) ढवळलं जात नाही. कॅलहून यांनी वाणागणिक उपयोग लिहून ठेवले, ते याच जाणिवेने असावं. तरी छापलेली कृती आणि आजीच्या हाताखाली केलेली कृती यांत अंतर राहतंच. अलीकडे साइडर बनवणारे छोटे उत्पादक दक्षिणेत वाढले आहेत आणि ते तुरट, आंबट वाणांना बरा भाव देतात. चेंगरून दाबायच्या फळांना पुन्हा गिऱ्हाईक मिळालं, ही या वीस वर्षांतली सगळ्यात आशादायक घडामोड. वाळवायच्या सफरचंदांच्या नशिबी अजून ते आलेलं नाही.

तिसरी गोष्ट ओळखीची. आता पानाच्या तुकड्यावरून डीएनए तपासून एका नावाखाली दोन वाण आहेत की दोन नावांखाली एकच, हे सांगता येतं. काही जुन्या ओळखी त्यात बदलतील. ज्या वाणाचा अस्सल नमुना जगात उरलेलाच नाही, तिथे मात्र डीएनए तरी कशाशी ताडणार? थॉमस जेफरसन यांच्या माँटिसेलोच्या बागेतलं टालियाफेरो हे साइडरचं सफरचंद असंच अडकलं आहे. जेफरसन यांनी त्याची वाखाणणी लिहून ठेवली, वर्णन पुरेसं ठेवलं नाही. वेळोवेळी कुणीतरी ते सापडल्याचं म्हणतं, आणि सिद्ध करायला हाती काही नसतं.